जिन्याचं काम

टीगनला आमच्या गँगनं पहिल्याच महिन्यात स्वतःचा खिळा दिला, आणि तेव्हापासून ती मला डोळ्यासमोर नकोशी झाली.

साइटवरच्या केबिनमध्ये चहाचे मग टांगायला भिंतीवर एक फळी आहे. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात एकेकाचं नाव. नाव कधी लिहायचं ते बार्नी ठरवतो. बार्नी आमचा मुकादम. तोवर नव्या माणसानं कान तुटलेल्या पाहुण्यांच्या मगातून चहा प्यायचा आणि गप्प बसायचं. माझं नाव तिथं चढायला कितीतरी हिवाळे गेले. आणि ही कालची पोरगी, कॉलेजातून थेट उमेदवारीला आलेली, पाय धुवायच्या आत हिचं नाव भिंतीवर!

"अगं, कुणीतरी कालव्यात फेकलेली सायकल पंपाच्या तोंडात अडकली होती, ती चिखलात उतरून हातानं काढली तिनं," बार्नी म्हणाला. "कुणी सांगितलं नव्हतं."

"मीसुद्धा उतरलेय चिखलात."

"हो, पण तू शिव्या देत उतरतेस, ग्लेनिस."

सगळी केबिन हसली. टीगनसुद्धा हसली, आणि वर मलाच बिस्किटांचा डबा पुढे केला. मी दोन उचलली आणि बाहेर आले.

मी ग्लेनिस पर्सलो. स्टॅफर्डशरमध्ये कालव्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत प्रकल्प सांभाळते. आले होते टायपिस्ट म्हणून. तेव्हाचे साहेब कामाच्या वेळा कागदावर लिहायचे आणि कागद हरवायचे. मी ते शोधायची. मग शोधायच्या ऐवजी मीच वेळा ठरवायला लागले. पुढे साहेब निवृत्त झाले, काम माझ्याकडे राहिलं. मला कुणी शिकवलं नाही. कुणी सर्टिफिकेटही दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

आमचा कालवा चढ चढतो तो लॉकांनी. दोन दरवाजांच्या मधे खोल दगडी टाकी. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं, की बोट वर. दरवाजे ओकच्या लाकडाचे, पंचवीसेक वर्षं टिकतात. मग बदलावे लागतात, आणि तेही हिवाळ्यातच, कारण तेव्हा बोटींची वर्दळ कमी. लॉकच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी आडव्या फळ्या टाकून पाणी अडवायचं, पंप लावून टाकी कोरडी करायची, आतले मासे उचलून पलीकडे सोडायचे, जुने दरवाजे क्रेननं काढायचे, नवे बसवायचे, आणि वसंतात बोटी निघायच्या आत पाणी परत सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणावं.

आणि आमच्याकडे आहे तो जिना. पाच लॉकं एकाला एक चिकटून, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही; एकाचं पाणी सरळ दुसऱ्यात. मी कंपनीत आले त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याचे दरवाजे बदलले होते. म्हणजे माझं थोडक्यात हुकलं. पुन्हा त्याची पाळी आली ती आता, पुढच्या हिवाळ्यात. त्यानंतरची पाळी येईल तेव्हा मी एक तर निवृत्त असेन, नाही तर मातीखाली. इतकी वर्षं मी कुणाकुणाची गटारं आणि पूल दुरुस्त करत थांबले ती त्या जिन्यासाठी.

तर टीगन येऊन वर्ष होत आलं त्या शरदात डंकननं मला ऑफिसात बोलावलं. डंकन आमचा संचालक. माणूस वाईट नाही, फक्त वाईट बातमी सांगताना फार गोड होतो.

"ग्लेनिस, जिन्याचे पैसे मंजूर झाले. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यासाठी."

"वा! मग मी क्रेनवाल्यांना..."

"थांब जरा. पैसे देणाऱ्यांनी अट घातलीय. प्रमुख म्हणून प्रकल्प व्यवस्थापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा."

"म्हणजे कोण?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली अंगणात टीगन फोर्कलिफ्टवाल्याशी काहीतरी बोलत होती आणि तो दात काढत होता.

"तिची उमेदवारी वसंतात संपते," डंकन म्हणाला. "अर्थात, पास झाली तर. नाही झाली तर मी भांडेन, आणि काम तुझंच. पण मी म्हणतो, तू पण घे ना हे शिक्षण! वयाची अट नाही. कंपनीच खर्च करते."

"मी? जे मी शिकवते तेच शिकायला जाऊ? कुणाकडे, टीगनकडे?"

"तसं नाही गं..."

तसंच होतं. शिवाय माझं नशीब असं की टीगनला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. कागदोपत्री मी तिची मार्गदर्शक. म्हणजे जिन्यावरून मला खाली ढकलायला लागणारं बळ मीच तिच्या हातात भरायचं. आणि मेलं मला वाईट शिकवताही येत नाही. मी दोनदा ठरवलं होतं, आज हिला अर्धंच सांगायचं. पण ती वही उघडून असं तोंड करून बसायची की मी बोलत सुटायची: पाऊस किती धरायचा, क्रेनवाला "उद्या" म्हणाला तर नक्की कधी समजायचं, कुठल्या बोटवाल्याला पत्र पाठवायचं आणि कुणाकडे स्वतः जाऊन चहा प्यायचा. घरी आल्यावर मी स्वतःलाच बोल लावायची.

आठवड्यातला एक दिवस ती कॉलेजला जायची, भरपगारी. परत यायची ती माझ्याच कामाची नवी नावं घेऊन. मी ज्याला कोळसेवाला एझ्रा म्हणते त्याला ही 'हितसंबंधी' म्हणायची. ज्या धोक्यांनी माझी झोप उडते त्यांना तिच्याकडे आकडे होते, आणि आकड्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग.

"हा बघ, ग्लेनिस, तू म्हणालीस ना ओढ्याचं पाणी उलटं येऊ शकतं? मी त्याला लाल केलं."

"मी त्याला कायमच लाल करत आलेय, बाई. फक्त मला खडू कुणी दिला नाही."

ती खळखळून हसली. मी टोमणा मारायची आणि ही हसायची. माणसानं भांडायचं तरी कसं?

जानेवारीत तिला एक लॉक स्वतःच्या जबाबदारीवर दिलं. उमेदवारी पूर्ण करायची तर एक काम तिनं स्वतः पार पाडलेलं दिसायला हवं, असा नियम. मी वर, ती प्रमुख. पाणी अडवायच्या दिवशी मी ऑफिसात होते. सकाळी तिचा फोन आला.

"ग्लेनिस, एझ्रा अजून खालीच आहे."

एझ्राची कोळशाची बोट. कालव्यावर बोटींतच राहणारी माणसं आहेत आमच्याकडे, बारा महिने. त्यांच्या शेगड्यांना कोळसा, गॅसचे सिलिंडर, डिझेल, सगळं एझ्रा बोटीतून आणून विकतो. लॉक बंद व्हायच्या आत तो वर निघून जायचा, असं ठरलं होतं.

"खाली कसा? काल जाणार होता ना?"

"बर्फ साचलं, मग इंजिन बसलं. दुपारपर्यंत पोचतो म्हणतोय. आत्ता फळ्या टाकल्या तर तो वर जाऊ शकत नाही. वर पंधरावीस बोटी आहेत, एकीत तान्हं बाळ आहे. कालच कोळशाच्या रिकाम्या बादल्या दाखवत होते मला."

"आणि थांबलीस तर क्रेन जाईल. ती परत महिनाभर मिळायची नाही. फळ्या टाक."

"टाकतेय. पण पंप टाकी उपसेपर्यंत गँग नुसती बसूनच असते ना? लॉकच्या वरच्या अंगाला आपला सामानाचा मचवा रिकामा आहे. एझ्रा खाली लागला की कोळसा ढकलगाडीनं काठावरून वर न्यायचा, मचव्यात भरायचा, आणि तो पुढे..."

"नाही."

"का?"

"मचवा आपल्या सामानासाठी आहे. काही झालं तर विमा कोण बघणार? आणि गँग काय हमाल आहे कोळसा वाहायला?"

"बार्नी हो म्हणालाय."

बघा! आधी बार्नीला विचारलं, मग मला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू.

"मी नाही म्हणतेय, टीगन. वरिष्ठ कोण आहे?"

"तू आहेस. तरी मी करतेय. काही झालं तर माझ्या डोक्यावर."

आणि फोन ठेवला! मी गाडी काढली ती तडक साइटवर. खोटं कशाला बोलू, मदतीला नव्हते निघाले. एक तरी पोतं पाण्यात पडावं, एखादी ढकलगाडी घसरावी, आणि मी तिथं हजर असावं, एवढीच माझी इच्छा होती.

एकही पोतं पडलं नाही. काठावर तिनं फळ्या अंथरून घेतल्या होत्या, चाक घसरू नये म्हणून. बार्नी आणि पोरं रांगेनं चालली होती, वरच्या बोटींतली माणसं स्वतःच्या ढकलगाड्या घेऊन खाली आली होती, आणि एझ्रा आपल्या छपरावर बसून कुणी किती नेलं ते मोठ्यांदा ओरडत होता. पंप आपला चालूच होता. कामाचा एक क्षण वाया गेला नव्हता. तान्ह्या बाळाची आई सगळ्यांना लिंबाचा केक वाटत होती. तिनं मलाही दिला. चांगला झाला होता मेला.

टीगन तोंडभर कोळशाची भुकटी घेऊन माझ्यासमोर आली. "रागावलीस?"

"कामाचं बघ," मी म्हटलं.

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. हेच मला सहन होत नव्हतं. इतके हिवाळे मी त्या पंपाशेजारी हात चोळत उभी राहिले, गँग बसलेली बघितली, मचवा रिकामा बघितला, आणि मला कधी सुचलं नाही. तिला दुसऱ्याच हिवाळ्यात सुचलं. जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिच्याशी बोलताना माझे दात एकमेकांवर घासायचे.

क्रेन वेळेवर आली, दरवाजे वेळेवर बसले. डंकननं ऑफिसात सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

मग वसंतात ती बैठक आली. अंतिम परीक्षेला बसण्याआधी कॉलेजची शिक्षिका, कंपनीचा माणूस आणि मार्गदर्शक एकत्र बसतात, आणि उमेदवार तयार आहे की नाही ते ठरवतात. मार्गदर्शकाची सही नसेल तर परीक्षा नाही. म्हणजे माझी सही. आदल्या आठवडाभर मी त्या सहीचाच विचार करत होते. नाही म्हणायला कारण तर हवं. खूप शोधलं. सापडलं नाही.

कॉलेजकडून फोलाके अडेयेमी आल्या होत्या. शांत बाई, चष्मा कपाळावर. डंकन टेबलाच्या टोकाला. टीगन माझ्यासमोर, केस घट्ट बांधून, हात मांडीवर.

सगळं ठीक चाललं होतं. फोलाकेबाई विचारत होत्या, ही उत्तरं देत होती. मग त्या म्हणाल्या, "आता जानेवारीतलं लॉक. कोळसा मचव्यातून न्यायचा निर्णय. मला तुझ्या सगळ्या कामात हाच सर्वांत आवडला. तो तुझा स्वतःचा होता?"

टीगननं माझ्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "ग्लेनिसचा होता. मी फोन करून विचारलं, तिनं सांगितलं तसं केलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

फोलाकेबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं. मग जरा अडचण आहे. वेळेचं नियोजन चांगलं आहे, कागदपत्रं चांगली आहेत, पण अडचणीत स्वतः घेतलेला एक तरी निर्णय दिसायला हवा. माझा सगळा भर त्याच्यावर होता. मला वाटतं, अजून एक हिवाळा काम करून मग परीक्षेला बसावं."

"अजून एक हिवाळा?" डंकन म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आदर होता. "ग्लेनिस, तुझी कल्पना होती ती? कधी बोलली नाहीस! बरं मग. जिना तूच घे. पैसेवाल्यांशी मी बोलतो. हेच उदाहरण तोंडावर मारतो त्यांच्या."

जिना माझा.

फक्त गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. पाचही लॉकं मला समोर दिसली, कोरडी, तळापर्यंत उघडी, आणि वरच्या काठावर मी. इतकी वर्षं ज्यावर टपून बसले ते टेबलावर कुणीतरी सरकवून दिलं होतं.

आणि मी टीगनकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, डोळे मऊ करून, ओठांवर जेमतेम हसू. म्हातारीला खुर्ची देताना पोरं असं हसतात.

माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोलतेय ही!"

"ग्लेनिस..." टीगन म्हणाली.

"तू गप्प बस! मी सांगितलं म्हणे! मी नाही म्हणाले होते. दोनदा! वरिष्ठ कोण असंही विचारलं मी हिला. आणि ही मला तोंडावर म्हणाली, तरी करतेय, माझ्या डोक्यावर, आणि फोन ठेवला. मी तिथं गेले ती हिची फजिती बघायला. बार्नीला विचारा. निर्णय हिचा, हिंमत हिची, केकसुद्धा हिच्यामुळेच मिळाला. मला कुणाची भीक नकोय. माझं काय आहे ते मला माहितीये, आणि हे माझं नाही."

मी कागद ओढला आणि सही केली. इतक्या जोरात की खालच्या कागदावरही उमटली असेल.

फोलाकेबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, सही बघितली, टीगनकडे बघितलं. "वरिष्ठ नाही म्हणत असताना?" त्यांनी विचारलं.

"हो," टीगन पुटपुटली.

"मग यातलं काहीही परीक्षेत लपवू नकोस." आणि त्यांनी आपली सही केली.

डंकननं माझ्याकडे पाहिलं नाही. तो आदर कुठं गेला कुणास ठाऊक. म्हणाला, "बरं, मग जिना टीगनकडे. पास झाली की." वाटलं होतं त्यापेक्षा किती छोटं वाक्य होतं ते.

मी कोट उचलला आणि गाड्यांकडे निघाले. मागून पावलं वाजली. टीगन धावत आली होती, नाक लाल, डोळे लाल. मला वाटलं, आता गळ्यात पडते ही. मी हात कोटाच्या खिशात घातले.

"कशाला बोललीस?" ती माझ्यावर ओरडली. पहिल्यांदाच.

"कशाला म्हणजे? तू माझ्यावर दया दाखवणार आणि मी..."

"कसली दया? मला नकोय तो जिना! नकोय आत्ता! पाच लॉकं, एकाचं पाणी दुसऱ्यात, एक फळी सुटली तर खाली माणसं उभी असतात. बार्नी असेल तिथं. विचार केला तरी पोटात गोळा येतो. म्हटलं, तू घे, मी तुझ्या हाताखाली अजून एक हिवाळा शिकेन, तुलाही हवाच होता. सगळं जुळत होतं! आणि तू काय केलंस? मला ढकललंस!"

म्हणजे ते डोळे मऊ नव्हते, घाबरलेले होते. मी इतकी तिच्यावर जळत होते की तेवढंही मला दिसलं नाही. मला हसू आलं. मग ते थांबेना, आणि ती आणखीच चिडली.

"हसतेस काय? तुला नाही वाटत भीती कधी?"

"दर वेळी," मी म्हटलं. "पाणी सोडायच्या दिवशी माझ्या घशाखाली टोस्टचा तुकडा उतरत नाही. वाटत नाही असं झालं की मग काम सोडायचं."

तिनं बाहीनं नाक पुसलं. "हे तू कधी शिकवलं नाहीस."

"सगळंच कसं शिकवणार?"

"जिन्यावर येशील? माझ्याबरोबर?"

"तुझ्या हाताखाली? मेले तरी नाही."

"ग्लेनिस, प्लीज."

"जा, परीक्षेचा अभ्यास कर."

ती गेली, हळूहळू, खांदे पाडून. दारापाशी थांबली, पोटावर हात धरला, खोल श्वास घेतला आणि आत शिरली. मी तो हात बघितला. आत काय होत असेल ते मला नेमकं ठाऊक होतं. तो गोळा जिन्याचा होता, आणि जिन्याचा गोळा कसा असतो ते अनुभवायची वाट मी पंचवीस वर्षं बघितली होती. काम गेलं ते गेलंच. पण त्या क्षणी, देवाशपथ सांगते, मला तिची ती भीतीसुद्धा हवी होती.